वादळाच्या बारशाची घाई

मे २०२५ च्या मध्यावर महाराष्ट्रातल्या फोनांवर ‘शक्ती’ नावाचे चक्रीवादळ येऊन धडकले. समुद्रात ते नव्हते. आधी ते बंगालच्या उपसागरात होणार होते, आठवडाभराने त्याचा मुक्काम अरबी समुद्रात हलला. नाव मात्र तेच राहिले. वादळांच्या नावांची यादी आधीच ठरलेली असते आणि त्यात पुढचे नाव कोणते हे सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे बाळ जन्मायच्या आधी बारसे उरकता येते. हवामान विभागाने तोवर चक्रीवादळाचा अंदाज दिलेलाच नव्हता. तरी हौशी अभ्यासकांत दोन तट पडले: ‘होणारच’वाले आणि ‘काही होत नाही’वाले.

प्रत्यक्षात २२ मेला दक्षिण कोकण आणि गोव्यासमोर कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. २४ मेला सकाळी त्याचे डिप्रेशन झाले (चक्रीवादळाच्या खालची एक पायरी) आणि त्याच दिवशी दुपारी ते रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान जमिनीवर चढले. नाव मिळायला ताशी ६२ किलोमीटरचा वारा लागतो. तेवढा झाला नाही, म्हणून बारसे राहिले. ‘नाही होणार’वाल्यांनी विजय साजरा केला. दोनच दिवसांत, २६ मेला, मोसमी पाऊस मुंबईत पोचला. इतक्या लवकर तो १९५० पासून कधी आला नव्हता. कुलाब्याच्या वेधशाळेत मे महिन्याच्या पावसाचा १९१८ चा विक्रम मोडला. कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, कामे अर्धी पडली होती, घाटावर काढून ठेवलेला कांदा भिजला.

मग ऑक्टोबरात खरोखरचे ‘शक्ती’ आले. ३ ऑक्टोबरला ईशान्य अरबी समुद्रात त्याला नाव मिळाले, दुसऱ्या दिवशी ते तीव्र चक्रीवादळ झाले, पश्चिमेकडे निघून गेले, तिथून वळले आणि समुद्रातच विरले. बिननावाच्याने भिजवले आणि नावाचे पाठ दाखवून गेले. एवढ्यावरून कळायला हरकत नाही की ‘होणार की नाही’ या वादात आपण भलत्याच रेषेवर भांडतो आहोत.

ती रेषा कशी आखलेली आहे ते पाहू. हवामान विभागाची उतरंड वाऱ्याच्या वेगावर बेतलेली आहे. १७ नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) खाली कमी दाबाचे क्षेत्र. १७ ते २७ नॉट, म्हणजे ताशी ३१ ते ४९ किलोमीटर, डिप्रेशन. २८ ते ३३ नॉट डीप डिप्रेशन. ३४ झाले की चक्रीवादळ. (आपली वर्तमानपत्रे या सगळ्याला ‘कमी दाबाचा पट्टा’ म्हणतात. पट्टा लांबट असतो, क्षेत्र वाटोळे. फिरणारे असते ते क्षेत्र.) ३३ आणि ३४ नॉटमध्ये ताशी दोन किलोमीटरचाही फरक नाही, आणि हा वेग भर समुद्रात कोणी यंत्र लावून मोजत बसलेला नसतो. उपग्रहाच्या चित्रात ढगांची गुंडाळी किती घट्ट, केंद्राभोवती तिचा वेढा किती, हे पाहून ड्व्होराक पद्धतीने एक टी-क्रमांक ठरतो. टी २.० म्हणजे ३० नॉट, टी २.५ म्हणजे ३५. मधला आकडा नाही. एकाच चित्रावर दोन अनुभवी माणसांच्या क्रमांकांत अर्ध्याचा फरक पडणे नित्याचे आहे, आणि तेवढ्या अर्ध्यावर नाव मिळते किंवा हुकते.

त्यात सरासरीचा घोळ. आपला हवामान विभाग (आयएमडी) वाऱ्याची तीन मिनिटांची सरासरी धरतो, अमेरिकी नौदलाचे जेटीडब्ल्यूसी हे वादळ-केंद्र एका मिनिटाची. थोड्या वेळाची सरासरी थोडी जास्तच भरते. म्हणून सीमेवरच्या प्रणालीला जेटीडब्ल्यूसी वादळ म्हणते आणि दिल्ली डीप डिप्रेशन म्हणते. दोघेही बरोबर असतात. तरी दर हंगामात ‘आयएमडी लपवते आहे’ हा आरोप ठरलेला. तीच गत ‘इन्व्हेस्ट’ची. ९० ते ९९ मधला एखादा आकडा आणि अरबी समुद्रासाठी ए किंवा उपसागरासाठी बी हे अक्षर मिळाले, म्हणजे अमेरिकी कार्यालयाने त्या ढगांची फाइल उघडली, एवढाच त्याचा अर्थ. फाइल उघडणे म्हणजे निकाल नव्हे, हे सरकारी कार्यालयाची पायरी चढलेल्या माणसाला तरी सांगायला नको.

आता वादाचे खरे इंधन, म्हणजे संगणकावर पुढच्या हवामानाचे गणित करणारी मॉडेले. अमेरिकेचे जीएफएस दिवसातून चार वेळा चालते आणि सोळा दिवसांपर्यंतची चित्रे देते. चित्रे फुकट, कोणालाही पाहता येणारी. समजा दहा दिवसांपुढच्या चित्रात रत्नागिरीसमोर ९७५ हेक्टोपास्कल इतक्या कमी दाबाचे काळेजांभळे वादळ दिसले. सहा तासांनी पुढचा रन, म्हणजे मॉडेलची पुढची फेरी, येतो, त्यात ते ओमानसमोर असते. त्यापुढच्यात नसतेच. दहा दिवसांत असे चाळीस रन होतात, म्हणजे त्या एका तारखेची चाळीस चित्रे. त्यातली पस्तीस कंटाळवाणी असतात. फिरते ते सर्वांत भेसूर चित्र, आणि ते फिरवणारा खोटे बोलत नसतो, चित्र खरोखर मॉडेलचेच असते. दिशाभूल त्या चित्रात नाही, निवडीत आहे.

जीएफएसला लांबच्या मुदतीत वादळे पिकवायची सवय का, यालाही कारण आहे. त्याची जाळी साधारण १३ किलोमीटरची. एक गडगडाटी ढग त्या चौकोनापेक्षा लहान असतो, त्यामुळे मॉडेल ढग घडवत नाही, ढगांचा अंदाज एका सूत्राने आत घालते. उबदार समुद्रावर या सूत्राने एका जागी पाऊस जास्त पाडला की बाष्पाची सुप्त उष्णता तिथेच सुटते, दाब उतरतो, वारा आत ओढला जातो, आणखी पाऊस पडतो. खऱ्या हवेत कोरडा झोत किंवा वरचा वारा हे चक्र मोडतो. दहा दिवसांपुढच्या मॉडेलात त्या झोताची जागा चुकलेली असते, आणि भोवरा बिनविरोध फुगत जातो. युरोपीय हवामान केंद्राच्या (ईसी) मॉडेलची जाळी ९ किलोमीटरची आहे आणि ते सहसा सावध असते. पण सावध मॉडेलही चुकते, फक्त दुसऱ्या बाजूला. होणारे वादळ ते उशिरा पकडते. ‘जीएफएसवाले’ आणि ‘ईसीवाले’ हे तट म्हणजे दोन मॉडेलांच्या दोन खोडींची वकिली आहे.

यातून बाहेर पडायचा मार्ग याच केंद्रांनी दिलेला आहे. युरोपीय केंद्र एकाच वेळी सुरुवातीची स्थिती किंचित बदलून ५० रन चालवते, अमेरिका ३०. पन्नासांतल्या बारांनी पाच दिवसांत ३४ नॉट दाखवले तर ढोबळ शक्यता २४ टक्के. ढोबळ म्हणायचे कारण, सगळे पन्नास एकाच मॉडेलची भावंडे असतात आणि घराण्याचा दोष सगळ्यांत उतरतो. शिवाय बारा म्हणजे कुठले बारा, तेही बघावे लागते. सहा कोकणासमोर आणि सहा येमेनजवळच्या सोकोत्रा बेटाकडे असतील तर कोकणच्या माणसाला शक्यता बाराच टक्के. तरी हा आकडा बोलण्याच्या लायकीचा आहे. एकट्या रनचे चित्र तसे नाही.

चार दिवसांच्या आत आले की मॉडेल बाजूला ठेवून समुद्राकडे बघायला हवे, आणि इथे जाणकार हौशी माणूस खरोखर उपयोगाचा ठरतो. समुद्राचे तापमान २६.५ अंशांवर हवे ही अट सगळ्यांना पाठ असते, पण मे महिन्यात अरबी समुद्र त्याहून बराच तापलेला असतो, म्हणून त्या अटीने काहीच ठरत नाही. ठरवतो तो वाऱ्यातला फरक: दीड किलोमीटर उंचीवरचा वारा आणि बारा किलोमीटरवरचा वारा यांच्या वेगात आणि दिशेत किती अंतर आहे. वीस नॉटच्या आत असेल तर भोवरा उभा राहतो, तीसच्या वर गेला तर तिरका होतो. मोसमी पाऊस जवळ येतो तसा खाली नैर्ऋत्येचा वारा आणि वर पूर्वेचा जोर धरतो, म्हणजे हा फरक (त्याला कातर म्हणतात) वाढतो. इन्सॅटच्या चित्रांत हे उघड दिसते. रात्रीच्या अवरक्त चित्रात उणे ऐंशी अंशांचे ढग पाहून मंडळी हर्षभरित होतात. सकाळी दृश्य प्रकाशातले चित्र येते तेव्हा खालचा भोवरा उघडा पडलेला असतो आणि तो सगळा ढगांचा डोलारा त्याच्या पश्चिमेला शंभर-दीडशे किलोमीटर घसरलेला. डोके धडावर नाही, अशी ती स्थिती. अशा प्रणालीचे लगेच वादळ होत नाही, पण तिचा पाऊस कमी होतो असेही नाही.

दुसरी खूण समुद्रावरच्या वाऱ्याच्या नोंदीची. ॲस्कॅटसारखी उपग्रहावरची स्कॅटरोमीटरे लाटांच्या खरखरीवरून वाऱ्याचा वेग आणि दिशा काढतात. आपल्या ईओएस-०६ वरही असे उपकरण आहे. बाणांची पूर्ण प्रदक्षिणा दिसली तर केंद्र आहे. पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून बाण येतात पण पूर्व आणि उत्तर बाजू रिकामी, तर ती नुसती द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा. मात्र या उपकरणांच्या दोन पट्ट्यांमध्ये फट राहते, आणि नेमकी आपली प्रणाली फटीत सापडली की लोक बारा तासांपूर्वीच्या बाणांवरून आजचा निर्णय करतात. चित्रावरची वेळ न वाचणे हा या क्षेत्रातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सर्रास घडणारा दोष. शून्य यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, हे गणितही अनेकांचे चुकते.

मे २०२५ च्या प्रणालीने पावसाची सगळी तयारी केली होती, फक्त जागा चुकीची निवडली. ती किनाऱ्याच्या इतकी जवळ होती की तिचा पूर्वेकडचा अर्धा घेर जमिनीवर आणि सह्याद्रीवर घासत होता. डिप्रेशन झाल्यापासून किनारा गाठेपर्यंत तिला काही तासच मिळाले. याउलट निसर्ग वादळ: १ जून २०२० ला डिप्रेशन, २ जूनला चक्रीवादळ, ३ जूनला दुपारी दिवेआगरजवळ जमिनीवर. मोकळे पाणी मिळाले आणि दोन-अडीच दिवसांत सगळा खेळ आटोपला. त्या वेळी चर्चा मुंबईची चालली होती. मोडल्या त्या श्रीवर्धन, मुरूड, दापोली आणि मंडणगडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. एवढी अनिश्चितता असेल तर हौशी मंडळींनी गप्प बसावे, इशारा एकट्या हवामान विभागाने द्यावा. आपत्तीच्या वेळी आवाज एकच हवा, हे तत्त्व जगभर मान्य आहे. आपल्याकडे कायदाही आहे: २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे खोटा इशारा पसरवून घबराट माजवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. कायद्याचा धाक दाखवून समाजमाध्यमांवरचे सगळे ‘वेदरमॅन’ बंद करा, अशी मागणी दर मोठ्या वादळानंतर ऐकू येते.

मला ती मान्य नाही. चुकलेला अंदाज आणि खोटा इशारा या वेगळ्या गोष्टी आहेत. चुकलेल्या अंदाजाला शिक्षा करायची तर कुलाब्यापासून वॉशिंग्टनपर्यंत कोणीच सुटणार नाही. आणि पक्का इशारा सगळ्यांना वेळेवर पोचतोच असे नाही, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी असते. ओखी वादळ २९ नोव्हेंबर २०१७ ला डिप्रेशन होते, ३० ला चक्रीवादळ झाले. केरळ आणि तमिळनाडूच्या कितीतरी होड्या आधीच खोल समुद्रात गेलेल्या होत्या. त्यातल्या काही भरकटत आपल्या देवगडपर्यंत आश्रयाला आल्या. ताशी सात-आठ सागरी मैल चालणारी होडी किनाऱ्यापासून दोनशे मैलांवर असेल तर परतायला तिला दिवसाहून अधिक लागतो. दहा दिवसांच्या फेरीवर निघणाऱ्याला निघण्याच्या दिवशी कळायला हवे की पुढच्या आठवड्यात वीस टक्के शक्यता आहे. वीस टक्क्यांना इशारा म्हणता येत नाही, बंदरावर बावटाही लागत नाही. तो अंदाज चर्चेतच राहतो, आणि म्हणून चर्चा हवी.

किती टक्क्यांवर हालचाल करायची हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, आणि त्याला साधा हिशेब आहे. शंभर रुपये खर्चून हजार वाचणार असतील तर दहा टक्के शक्यतेलाही खर्च करावा. होडी पंधरा दिवस आधी ओढून शाकारली तर तेवढ्या दिवसांचे उत्पन्न जाते, म्हणून होडीवाला दहा टक्क्यांवर थांबणार नाही. ऑक्टोबरात कापलेले भात शेतात पसरले आहे आणि उडवी रचायला एक दिवसाची मजुरी लागते, तर वीस टक्केही पुष्कळ झाले. जिल्हाधिकाऱ्याला शाळा बंद करायच्या तर सत्तर-ऐंशी टक्के आणि तालुक्याचे नाव लागेल. ‘होणार’ किंवा ‘नाही होणार’ या दोन शब्दांनी या तिघांपैकी कोणाचेच भागत नाही.

हवामान विभाग हे जाणतो. त्याचे दिल्लीचे केंद्र रोज उष्ण कटिबंधीय हवामानाचे पत्रक काढते आणि त्यात पुढच्या सात दिवसांसाठी, दर चोवीस तासांच्या घरात, डिप्रेशन होण्याची शक्यता लिहिलेली असते: शून्य, कमी म्हणजे ३३ टक्क्यांपर्यंत, मध्यम म्हणजे त्यापुढे साधारण दोन तृतीयांशापर्यंत, जास्त म्हणजे त्याहून वर. दर गुरुवारी दोन आठवड्यांचा दृष्टिक्षेपही येतो. हौशी मंडळी ज्यावर रात्र जागवतात त्याचे उत्तर त्या सारणीत सरकारी भाषेत छापलेले असते, पण मराठी बातमीत ती सारणी मी क्वचितच पाहिली आहे. दोष विभागाकडेही आहे. तांत्रिक इंग्रजीत लिहिलेले अनेक पानी पत्रक मुरूडच्या तांडेलाने उघडून त्यातला चौथा तक्ता वाचावा ही अपेक्षा भाबडी आहे. ती सारणी चार ओळींच्या मराठीत रोज दुपारी निघाली असती, तर मे महिन्यात ‘शक्ती’ला एवढी जागा मोकळी मिळाली नसती. अफवा रिकाम्या जागेत शिरते.

हौशींकडून मात्र माझी मागणी याहून कडक आहे: हिशेब ठेवा. ब्रायर गुण नावाची एक सोपी रीत आहे. तुम्ही सांगितलेली शक्यता आणि घडलेली गोष्ट, घडली तर १ आणि न घडली तर ०, यांच्यातल्या फरकाचा वर्ग. ९० टक्के म्हणालात आणि काही झाले नाही, तर ०.९ चा वर्ग ०.८१. ३० टक्के म्हणालात आणि झाले नाही, तर ०.०९. झाले, तर ०.७ चा वर्ग ०.४९. दहा-वीस प्रणालींची सरासरी काढायची, जितकी कमी तितका माणूस भरवशाचा. दर वेळी ‘होणारच’ ओरडणारा आणि दर वेळी नाक मुरडणारा, दोघेही या ताळेबंदात पकडले जातात. नाक मुरडणारा थोडा उशिरा पकडला जातो, कारण बहुतेक कमी दाबाची क्षेत्रे खरोखरच वादळ होत नाहीत आणि काही न करता त्याचे शेकडा प्रमाण छान दिसते. त्याची परीक्षा ओखीसारख्या दिवशी होते.

त्यात पायाच सरकतो आहे. पूर्वी ढोबळ हिशेब होता की उपसागरात चार वादळे तर अरबी समुद्रात एक. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या (आयआयटीएम) शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवले की १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. ऑगस्ट २०२४ मध्ये गुजरातच्या जमिनीवरचे डीप डिप्रेशन समुद्रात उतरून ‘आस्ना’ झाले. ऑगस्टात अरबी समुद्रात वादळ १९७६ नंतर झालेच नव्हते. ‘या महिन्यात होत नाही’ हा जुन्या जाणत्यांचा हुकमी एक्का आता तितका हुकमी राहिलेला नाही.

आणि तरीही नावावर नजर ठेवू नका म्हणतो, ते नोव्हेंबर २०२५ मुळे. ‘सेन्यार’ मलाक्काच्या सामुद्रधुनीत, विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंशांवर झाले, जिथे वादळ सहसा होत नाही. लगोलग ‘डिटवा’ श्रीलंकेवर आले. दोन्ही उतरंडीच्या सर्वांत खालच्या नावधारी पायरीवरची, साधी चक्रीवादळे. सुमात्रात पूर आणि दरडींनी हजाराहून जास्त माणसे गेली, श्रीलंकेत सहाशेहून जास्त. ती वाऱ्याने नाही, पावसाने गेली. आपल्याला हे परके नाही: २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडले, तेव्हा कुठलेही चक्रीवादळ नव्हते. २०२१ च्या जुलैत महाड आणि चिपळूण बुडाले, तेव्हाही नव्हते.

म्हणून पुढच्या वेळी गोव्यासमोर ढग गोल फिरू लागले की हौशी माणसाची नोंद साधारण अशी असावी: ‘मंगळवार दुपार. पुढच्या पाच दिवसांत डिप्रेशनची शक्यता ४० टक्के, चक्रीवादळाची १० टक्के. सिंधुदुर्ग ते रायगड कुठेतरी एका दिवसात ११५ मिलिमीटरहून जास्त पाऊस, शक्यता ६० टक्के, बहुधा शुक्रवार-शनिवार. खोल समुद्रात ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वारा गुरुवारपासून. आधार: युरोपीय पन्नास रन आणि आज सकाळचे ॲस्कॅट, पूर्व बाजू अजून उघडी. विभागाचे पत्रक शक्यता मध्यम सांगते, इशारा त्यांचाच धरावा. उद्या याच वेळी बदल कळवू.’ तिच्याबरोबर जांभळे चित्र नसेल, म्हणून ती फिरणार नाही. ती वाचून ज्याला शुक्रवारी होडी बंदरात ठेवायची किंवा भाताची उडवी रचायची आहे, त्याचे काम तेवढ्यात भागते.